टेबलाला चिकटलेला समुद्र

बोट स्टँडवर ठेवायची की समुद्रात, एवढाच काय तो प्रश्न होता. खोक्यातच स्टँड आलेला होता, काळा, दोन पायांचा, दिसायला बरा. कोणाही शहाण्या माणसाने बोट त्यावर ठेवली असती आणि हात धुऊन तो जेवायला बसला असता. पण कवळीमास्तरांच्या डोक्यात समुद्र शिरला, आणि पुढचं सगळं रामायण त्या समुद्रामुळे घडलं.

कवळीमास्तर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे घेऊन पाठवायचे, मास्तर त्यात प्लास्टर ओतायचे, मेणाच्या हिरड्या घडवायचे, एकेक दात बसवायचे. हात इतका बारीक की समोरच्या दाताला किंचित तिरकेपणा देऊन तो जन्मापासून तसाच आहे असं भासवावं, तर मास्तरांनीच. पण या कामाचं एक दुखणं होतं. ते उत्तम झालं की कोणाला दिसतच नसे. "काय सुंदर दात आहेत हो तुमचे!" असं कोणी म्हटलं, तर तो माणूस हसून आभार मानतो. हे मास्तरांनी केलेत, असं तो कशाला सांगेल? (आणि सांगितलं तर त्याच्याच अब्रूचा प्रश्न.) शहरातली कितीतरी माणसं मास्तरांच्या हातचं हसू तोंडात घालून हिंडत होती आणि मास्तरांना मात्र कोणी ओळखत नव्हतं.

म्हणून मास्तरांची एक साधी इच्छा होती. आपल्या हातून एखादी तरी अशी वस्तू व्हावी, की लोकांनी ती बघावी, चकित व्हावं आणि विचारावं, "हे कोणी केलं?" आणि मग मास्तरांनी मान खाली घालून, थोडं लाजून, पण ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं, "मी."

ती संधी लॅबच्या मालक डॉक्टरांनीच आणून दिली. ते परदेशात कुठल्याशा परिषदेला गेले होते. येताना मास्तरांसाठी एक भलं मोठं खोकं घेऊन आले. खोक्यावर खवळलेल्या समुद्रात तोफा डागणारी करड्या रंगाची युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धातली इटलीची हेवी क्रूझर, आणि ती आपण घरी बसून जोडायची.

"मास्तर, तुमचा हात आठवला आणि हेच उचललं," डॉक्टर म्हणाले. "झाली की मला बोलवा बघायला."

मास्तर त्या दिवशी घरी आले ते खोकं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून.

बायकोने खोकं उघडून आत डोकावलं. "अहो, ही तर मोडलेली आहे."

"मोडलेली नाही गं. जोडायची आहे."

"म्हणजे दुकानदाराने अर्धवट काम करून विकली आणि तुम्ही घेतलीत?"

मास्तरांनी तिला समजावून सांगायचा नाद सोडला. लॅबमधून आल्यावर ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसत आणि चिमट्याने एकेक तुकडा उचलत. तोफा तर इतक्या बारीक की एक शिंकेबरोबर उडाली ती झाडूत सापडली. डोलकाठ्यांमध्ये ताणायला त्यांनी केसाएवढा दोरा घेतला. बोटीचं धड दोन भागांत आलेलं होतं, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा. तो जोड नाहीसा करायला मास्तरांनी जीव ओतला. फटीत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. शेवटी बोट फिरवून पाहिलं तर नखालाही जोड लागेना. मास्तरांनी बायकोला हाक मारली.

"सांग बघू, जोड कुठे आहे?"

बायकोने बोट सगळीकडून पाहिली. "दिसत नाही."

"बघ!"

"काय बघू? दिसत नाही म्हणतेय ना."

मास्तर खट्टू झाले. इथेही तेच! न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कोण करणार?

बायकोचं लक्ष वेधलं ते फक्त पट्ट्यांनी. या इटालियन बोटींच्या नाकाडावर, डेकवर, लाल-पांढरे तिरके पट्टे रंगवलेले असत. मास्तरांनी चिकटपट्टी लावून ते अगदी रेखीव ओढले होते.

"हे काय दंतमंजनाची जाहिरात केल्यासारखं?"

"ते खरंच तसंच असायचं. वरून जाणाऱ्या आपल्याच विमानांनी आपल्याच बोटीवर बॉम्ब टाकू नयेत म्हणून खूण."

"म्हणजे एवढी मोठी बोट, आणि ती आपली की परक्याची हे आपल्याच माणसांना कळत नव्हतं?"

"उंचावरून नाही कळत."

"मला तर इतकी वर्षं शेजारी राहून तुमचं काही कळत नाही," असं म्हणून ती वह्या तपासायला गेली. (ती शाळेत गणित शिकवायची.)

बोट पूर्ण झाली आणि मास्तरांनी तिला स्टँडवर ठेवून पाहिलं. त्यांना ती दुकानातल्या वस्तूसारखी वाटली. ही तर कोणीही विकत आणली असेल! मग त्यांच्या मनात आलं, आपल्याला समुद्र करता येईल. निळा डेंटल स्टोन, म्हणजे साच्यांसाठी वापरतात ते दगडासारखं घट्ट होणारं प्लास्टर, लॅबमध्ये पोत्याने पडलेला होता. हिरडीच्या कडा घडवायचा स्पॅट्युला लाटा घडवायला काय वाईट? फेस टूथब्रशने शिंपडता येईल. बोटीचा पाण्याखालचा भाग कापून टाकायचा आणि ती या समुद्रात रुतवायची. असा समुद्र कुठल्याच खोक्यात मिळत नाही. मास्तरांनी लगेच करवत घेऊन बोटीचा तळ कापला. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

समुद्राला सपाट जागा हवी. घरातली जमीन मोरीकडे उतरती होती, स्वयंपाकाचा ओटा बायकोचा होता. राहिलं जेवणाचं टेबल.

या टेबलाबद्दल सांगायलाच हवं. ते सासऱ्यांनी बनवलेलं होतं. सासरे सुतार, तेही असेतसे नव्हेत. लेकीच्या लग्नात त्यांनी हे टेबल दिलं होतं. ते मध्यभागी दुभंगायचं, दोन्ही अर्धुकं बाजूला सरकायची आणि मध्ये एक जादा फळी बसायची, की बसणाऱ्यांची सोय झाली. बंद असताना मधली फट दिसत नसे. सासरे घरी आले की पाणी पिण्याआधी टेबलाची दोन्ही टोकं धरून ते उघडायचे, कान देऊन ऐकायचे, पुन्हा मिटायचे आणि "कुरकुरत नाही अजून" असं म्हणून मगच खुर्चीवर बसायचे. लेकीची खुशाली त्यानंतर विचारायचे. जावयाची विचारायचेच असं नाही. प्लास्टर कालवणं हेही एक कौशल्याचं काम असू शकतं, हे त्यांना कधी पटलेलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस याच टेबलाशी साजरा व्हायचा होता.

"उद्या सगळे येणार आहेत," बायकोने शनिवारी सकाळी बजावलं. "टेबल मोकळं पाहिजे."

"दुपारपर्यंत मोकळं करून देतो," मास्तर म्हणाले. मनात बेत वेगळाच होता. उद्या सगळे जमणार, सासरे येणार, आणि कोपऱ्यातल्या कपाटावर समुद्र कापत निघालेली क्रूझर असणार. सासरे थांबणार. विचारणार.

प्लास्टर कशालाही चिकटू नये म्हणून आधी तेलकट थर द्यायचा असतो, हे मास्तर झोपेतही विसरले नसते. लॅबमध्ये नवा माणूस आला की ते पहिला धडा हाच देत. त्यांनी टेबलाला बोटाने, न चुकता, कडेपासून कडेपर्यंत व्हॅसलिन फासलं आणि निळ्या स्टोनची पिशवी आणायला लॅबमध्ये गेले.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. टेबलाला हात लावला, तर हात बुळबुळीत. उद्या माहेरची माणसं येणार आणि टेबलाची ही दशा! तिने कढत पाणी आणि साबण घेऊन टेबल खसाखसा धुतलं, कोरडं केलं, वरून सुक्या फडक्याने असं घासलं की टेबल चकाकायला लागलं. मग ती बाजारात गेली.

मास्तर आले. टेबल चकाकत होतं. व्हॅसलिन किती एकसारखं लागलंय, असं त्यांना वाटलं आणि स्वतःच्या हाताचा त्यांना अभिमान वाटला. त्यांनी मेणाच्या पट्ट्यांचा बांध घातला, मध्ये बोट ठेवली, नाकाड एका अर्धुकावर आणि शेपूट दुसऱ्यावर, आणि स्टोन कालवून ओतला. समुद्र संथपणे पसरला. स्पॅट्युला चालला. लाटा उठल्या, बोटीच्या नाकाडाशी पाणी दुभंगलं, मागे फेसाची रेघ निघाली. मास्तर स्वतःशीच गुणगुणत होते. घट्ट होताना स्टोन गरम होतो. त्यांनी हळूच समुद्रावर तळहात ठेवला, तो कोमट लागला, आणि त्यांना एकदम फार सुखी वाटलं.

मग त्यांनी बांध काढला आणि समुद्र उचलायला गेले. समुद्र हलला नाही. त्यांनी सुरी सरकवून पाहिली. सुरी शिरली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी, श्वास रोखून, जोर लावला, तेव्हा टेबलाचे पाय उचलले गेले.

बायको बाजारातून आली तेव्हा मास्तर टेबलाखाली आडवे पडले होते.

"काय हरवलं?"

"सेपरेटर," मास्तर खालून म्हणाले. "व्हॅसलिन. मी टेबलाला व्हॅसलिन लावलं होतं."

"ते तुम्ही लावलं होतं? मी म्हटलं काय सांडलंय. घासून काढलं." मग तिने टेबलाकडे पाहिलं. "अहो, हे उचला आता."

"येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"फटीतून खाली उतरलंय. अर्धुकं सरकतात त्या सरकपट्टीपर्यंत गेलंय. तिथे घट्ट झालंय."

"बाबांच्या टेबलात?"

"बाबांच्या टेबलात," मास्तर म्हणाले आणि तिथेच पडून राहिले. वर येऊन बायकोच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा खालून फळीकडे बघणं बरं होतं.

बायकोने पिशवी खाली ठेवली. ती चिडली नाही, हेच भयंकर होतं. "हातोडा आणते," एवढंच म्हणाली.

"नको गं!"

"बोट ठेवायची की टेबल? एक काय ते सांगा."

मास्तर बाहेर आले. त्यांनी बोटीकडे पाहिलं. बारीक बारीक तोफा, ताणलेले दोरे, लाल-पांढरे पट्टे. "उद्याचा एक दिवस जाऊ दे," ते म्हणाले. "मग मी स्वतः फोडतो. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी बघू दे."

बायकोच्या हातात हातोडा नव्हता, पण हात कमरेवर होते. "बरं," ती शेवटी म्हणाली. "पण बाबांना टेबलाला हात लावू द्यायचा नाही. मध्येच त्यांना कळलं तर वाढदिवस राहील बाजूला. जेवण झाल्यावर मी सांगेन."

रविवारी बोटीवर पांढरी चादर टाकण्यात आली. डोलकाठ्यांमुळे ती मध्येच वर उचलली गेली होती. ताटं हातात घेऊन जेवायचं असं ठरलं. खुर्च्या खिडकीशी मांडल्या. सासऱ्यांना दारातून थेट खिडकीशी न्यायचं, ही कामगिरी मास्तरांवर होती.

पाहुणे आले. सासरे, मेहुणा, मेहुण्याची बायको. मास्तरांनी सासऱ्यांचा दंड धरला. "या, बाबा, इकडे, वाऱ्याला बसा."

"मला काय झालंय?" सासऱ्यांनी दंड सोडवून घेतला.

मेहुण्याची बायको चादरीकडे बघून टाळ्या वाजवत म्हणाली, "अय्या, केवढा मोठा केक!"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मास्तरांकडे पाहिलं.

"घरीच केलाय का हो?" मेहुण्याने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. घरीच केला होता.

"तुम्ही?"

"मीच."

"काय घातलंय आत?"

"स्टोन," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं आणि मेहुणा बराच वेळ हसला. आमच्या भावजींचा विनोद कोरडा असतो, असंही आपल्या बायकोला म्हणाला.

या गोंधळात सासऱ्यांवरची नजर हटली. ते केकबिकच्या भानगडीत पडणारे नव्हते. ते थेट टेबलाकडे गेले, नेहमीसारखी एका टोकाची कड धरली आणि मेहुण्याला म्हणाले, "धर रे तिकडून. एवढी माणसं जमलीत आणि टेबल मिटलेलं काय ठेवता?"

"बाबा, नको!" बायको ओरडली.

पण बाप-लेकांनी ओढलं होतं. टेबल क्षणभर अडलं. सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पाय रोवून पुन्हा ओढलं.

कड्!

आवाज चादरीखालून आला होता.

"केक जरा कडकच झालाय," मेहुण्याची बायको हळूच म्हणाली.

टेबल दोन्हीकडे सरकलं होतं आणि मधल्या जागेवर चादर ताणून बसली होती. सासऱ्यांनी ती एका झटक्यात ओढली. एका अर्धुकावर समुद्र आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं नाकाड, दुसऱ्या अर्धुकावर समुद्र आणि शेपूट. बोट तुटली होती ती बरोबर जोडावर, मास्तरांनी नाहीशा केलेल्या त्याच जोडावर. तुटलेले दोरे लोंबत होते. मास्तरांना रडू फुटायचं बाकी होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

सासरे पुढे वाकले आणि बोटीच्या उघड्या पोटात बघून म्हणाले, "आत तर काहीच नाही की हो, जावईबापू!"

बायकोने मग सगळं सांगून टाकलं, व्हॅसलिनपासून हातोड्यापर्यंत. मधेमधे "चूक माझीही आहे" असंही म्हणाली, ते ऐकून मास्तरांना फार बरं वाटलं. सासरे गुडघे धरत टेबलाखाली गेले. खालून ठोकल्याचा आवाज आला, निळे तुकडे पडले, सरकपट्टीवरून हात फिरवल्याचा आवाज आला. सगळे वाट बघत उभे राहिले.

"कुरकुरत नाही अजून," खालून आवाज आला. "आणा ती फळी. भूक लागलीय मला."

मधली फळी बसली आणि सगळे जेवायला बसले. एका बाजूला नाकाड, दुसऱ्या बाजूला शेपूट, मध्ये भाजीची पातेली. मेहुणा जेवताना म्हणाला की बोट आता कितीतरी लांब वाटते. मास्तर नुसता भात चिवडत होते. बायकोने न विचारता त्यांच्या ताटात गोड वाढलं आणि वर त्यांच्या हाताला हळूच हातही लावला.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी फळी काढली आणि सवयीने टेबल मिटायला घेतलं. अर्धुकं जवळ आली. समुद्राला समुद्र लागला, लाटेला लाट, आणि बोटीच्या नाकाडाला बोटीची शेपूट. एक बारीकसा "टक्" आवाज आला. तडा कुठे गेला ते कोणाला सांगता येईना. स्टोन तुटतो तो असाच स्वच्छ तुटतो, हे मास्तरांना माहीत होतं, पण तेही बघतच राहिले.

"पुन्हा उघडा, पुन्हा उघडा!" मेहुण्याची बायको म्हणाली.

सासऱ्यांनी उघडलं. मिटलं. उघडलं. त्या दुपारी टेबल इतक्या वेळा उघडलं की शेवटी त्यांनाच दम लागला. इतकं हसताना त्यांना लेकीने या पंचाहत्तराव्या वाढदिवशी प्रथमच पाहिलं.

हातोड्याचा विषय निघालाच नाही. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दोरे नव्याने बांधले. या वेळी त्यांनी दात सरळ करायला लावतात ते बारीक रबर घेतलं, करड्या रंगात रंगवलं आणि अशा बेताने ताणलं की टेबल उघडलं की दोरे लांबावेत आणि मिटलं की पुन्हा ताठ व्हावेत. तुटलेल्या कडा घासून अशा केल्या की कितीही वेळा उघडा, टवका उडू नये. हे सगळं इतकं चोख झालं की काही केलंय हे कळत नव्हतं.

मग उघडणाऱ्या बोटीची ख्याती पसरली. शेजारचे आले, शेजारच्यांचे पाहुणे आले, बायकोच्या शाळेतल्या बाई आल्या. सगळ्यांचे डोळे विस्फारायचे. सगळे अगदी मास्तरांना हवा होता तोच प्रश्न विचारायचे.

"हे कोणी केलं?"

मास्तर मान खाली घालत, थोडं लाजत, आणि तोंड उघडणार तोच बायको अभिमानाने म्हणायची, "माझ्या बाबांनी! बघा ना, फट दिसतेय का कुठे?"

"आणि यांनी?"

"यांचं प्लास्टर सांडलं होतं."

मास्तरांनी एकदोनदा दुरुस्ती करायचा प्रयत्न केला. पण तोवर लोक टेबल उघडायला रांगेत उभे असायचे. शेवटी त्यांनी सगळी भिस्त एकाच माणसावर ठेवली. डॉक्टर. खोकं कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणाचा हात आठवून दिलं, हे त्या माणसाला माहीत होतं. त्याला कोणी फसवू शकणार नव्हतं.

डॉक्टर एका संध्याकाळी आले. बायकोला मास्तरांनी मुद्दाम स्वयंपाकघरात चहाला लावलं होतं. डॉक्टरांनी चष्मा लावला, बोटीभोवती एक फेरी मारली, तोफा पाहिल्या, पट्टे पाहिले, मान डोलावली. मग मास्तरांनी टेबल उघडलं. डॉक्टर दचकले. मास्तरांनी टेबल मिटलं. डॉक्टरांनी जोडावरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, खाली वाकून, डोळा मिटून. नख कुठेच अडलं नाही.

"मास्तर," ते सरळ होत, अगदी भारावून म्हणाले, "इतकं बेमालूम काम मी आयुष्यात पाहिलं नाही. कोणाचं आहे हे टेबल?"

"सासऱ्यांनी केलंय."

"मग सासरे हल्ली रिकामेच असतील ना? आपल्या लॅबमध्ये येतील का विचारा. तुम्हालाही शिकायला मिळेल."

मास्तरांनी सासऱ्यांचा फोन नंबर दिला. दुपारी ते झोपतात, सकाळीच करा, हेही सांगितलं.